पिशवी काढायची घाई

सोनोग्राफीच्या कागदावर ‘बल्की युटेरस’ लिहिलेलं दिसलं की मला अजून राग येतो. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी, म्हणजे गर्भाशय, थोडी मोठी असतेच. तेवढ्यानं ती आजारी ठरत नाही. पण बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात आरोग्यसेविका असताना हाच कागद पुढं करून बाया विचारायच्या, ‘सिस्टर, डॉक्टर म्हणले पुढं कॅन्सर होईल. काढून टाकू का?’ विचारणारी असायची अठ्ठावीस-तिशीची.

मूळ तक्रार काय, तर अंगावरून पांढरं जातं, कंबर भरून येते. या ऊसतोड मजूर बाया. उसाच्या फडात पहाटेपासून वाकायचं, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, संडास नाही, धुण्याला पाणी नाही, पाळीचं फडकं धड वाळत नाही. जंतुसंसर्ग होणार नाही तर काय? त्याला गोळ्यांचा कोर्स असतो, काही वेळा नवऱ्यालाही द्यावा लागतो. कॅन्सरचीच शंका असेल तर पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचं. पांढरा चट्टा उठला तरच पुढची तपासणी. यातलं काहीच न होता कितीतरी जणींना थेट ऑपरेशनची तारीख मिळाली.

2019 मध्ये हे राज्यभर गाजलं. तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत 4,605 गर्भाशयं काढल्याचं तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहांत एक.

शहरातले लोक म्हणतात, बाया अडाणी. मला तसं वाटत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्यावर मुकादमाची उचल (आगाऊ पैसे), आणि एक दिवस बुडाला की पाचशेच्या घरात खाडा (दंड). महिन्याला पाळीचे दोन दिवस बुडाले तर हंगामाचा तोटा ती बोटावर मोजून सांगते. दोन-तीन लेकरं झालीत, नसबंदी झालीय, मग पिशवी ठेवून उपयोग काय, असा तिचा सरळ हिशेब. ऑपरेशनसाठी पुन्हा उचलच घ्यायची, हे मात्र त्यात धरलेलं नसतं. अंडाशयंही काढली असतील तर तिशीतच अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात. तेही कुणी सांगितलेलं नसतं.

मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, कॅन्सर, पिशवी बाहेर येणं, यांत ऑपरेशन लागू शकतं. तिथं मी कुणाला अडवलेलं नाही. आता बीडमधल्या खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक ऑपरेशनं रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना बजावलं. चांगलंच आहे. पण परवानगीचा नियम जिल्ह्याच्या हद्दीपर्यंतच चालतो, आणि ऊसतोड टोळ्या पार कर्नाटकापर्यंत जातात.

म्हणून टोळी निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, तपासणी आणि गोळ्या गावातच हव्यात. फडावर पाणी-संडास हवा, आजारपणाचा खाडा बंद हवा. आणि तारीख मिळालेल्या बाईनं डॉक्टरांना विचारावं: गोळ्यांनी भागेल का, थांबलं तर काय होईल, अंडाशयं ठेवणार का? उत्तर नीट मिळालं नाही तर तोच रिपोर्ट घेऊन अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजला दाखवावा.