सातासमुद्रापलीकडचा संसार

लेक किंवा मुलगा परदेशी निघाला की विमानतळावर आपला जीव कसा गलबलतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. बॅगेत भाजणी, मेतकूट, लोणच्याची बरणी कोंबून झालेली असते. तरी काहीतरी राहिलंच असं वाटत राहतं. मग दुसऱ्या दिवशी फोन येतो, "आई, पोचलो गं!" आणि आपण देवापुढे साखर ठेवतो.

हा झाला आपला परदेश. पण गिरगाव आणि भायखळा हाच ज्यांचा परदेश होता, अशाही काही बायका होऊन गेल्या. अमेरिकेतून, स्कॉटलंडमधून ख्रिस्ती मिशनरी मुंबईत आले, हे आपण शाळेच्या इतिहासात वाचलेलं असतं. तिथे नावं येतात ती पुरुषांची. त्यांच्याबरोबर आलेल्या बायकांनी इथे संसार कसा केला, मुलं कशी वाढवली, भाषा कशी शिकल्या, हे फारसं कोणी सांगत नाही. चौपाटीवर भेळ खाताना समोर विल्सन कॉलेजची १८८९ सालची दगडी इमारत दिसते. 'विल्सन' म्हणजे डॉ. जॉन विल्सन, एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. त्यांच्या पत्नीचं नाव मात्र आपल्यातल्या किती जणींना सांगता येईल?

मुंबई न पाहिलेली हॅरिएट

सुरुवात १८१२ पासून करावी लागते. त्या वर्षी अमेरिकेतून मिशनरींची पहिली तुकडी हिंदुस्थानाकडे निघाली. तीत सॅम्युएल न्यूएल आणि त्यांची पत्नी हॅरिएट होती. लग्नाला पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते आणि नवी नवरी अठरा वर्षांची. जहाज चार महिन्यांनी कलकत्त्याला लागलं, तर ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना राहू द्यायला साफ नकार दिला. तेव्हा कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. न्यूएल दांपत्य मॉरिशसच्या वाटेला लागलं. हॅरिएट गरोदर होती. वाटेत जहाजावरच मुलगी झाली आणि पाच दिवसांत गेली. मॉरिशसला पोचल्यावर ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएटही गेली. तेव्हा तिला एकोणीस वर्षं पूर्ण होऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

मुंबईत पहिल्यांदा पोचले ते गॉर्डन हॉल आणि नॉट दांपत्य, फेब्रुवारी १८१३ मध्ये. त्यांनाही परत धाडण्याचे हुकूम होतेच. पण गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी सबुरीने घेतलं आणि ते राहिले. हॉल मराठी शिकले, नव्या कराराचं मराठी भाषांतर केलं. १८१६ मध्ये त्यांनी मार्गारेट लुइस यांच्याशी लग्न केलं. मुलं झाली, पण मुंबईच्या हवेत ती तग धरेनात. शेवटी १८२५ मध्ये मार्गारेटबाई उरलेल्या दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. त्यांतला एक मुलगा प्रवासातच वारला. मागे राहिलेले हॉल मार्च १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने गेले. त्या काळी टपाल जहाजाने जाई. नवरा गेल्याचं कळायलाही त्या बाईला कित्येक महिने लागले असतील. तोवर ती त्याच्या पत्राचीच वाट पाहत असणार.

आधी भाषा, मग शाळा

तुम्ही म्हणाल, एवढं सोसून या बायका इथे करत तरी काय होत्या? घर सांभाळत होत्या, आल्यागेल्याचं करत होत्या आणि शाळा चालवत होत्या. मिशनचं वेतन नवऱ्याच्या नावे असे. बायकोचं काम गृहीत धरलेलं! आपल्यालाही यात काही नवल वाटायचं कारण नाही.

मुंबईत मुलींसाठी शाळा काढायला अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये सुरुवात केली. पण मुलगी लिहूवाचू लागली तर तिला वैधव्य येतं, अशी समजूत त्या काळी घरोघरी होती. शिक्षिका मिळणं अशक्य, म्हणून पंतोजीच शिकवीत. मुलगी जरा वाचू लागली की आठव्या-दहाव्या वर्षी लग्न होऊन शाळा सुटायची. आपण रांगोळी काढावी आणि वाऱ्याने पुसावी, तसं ते काम होतं.

या शाळांची देखरेख करायला १८२७ च्या डिसेंबरात सिंथिया फरार नावाची बाई आली. अमेरिकन बोर्डाने हिंदुस्थानात पाठवलेली ही पहिली अविवाहित स्त्री. बत्तिशीच्या घरातली, एकटी, सुमारे सात महिन्यांचा समुद्रप्रवास करून आलेली. मुंबईत तिने मराठी शिकून घेतली आणि मुलींच्या शाळा सांभाळल्या. पुढे १८३९ मध्ये ती अहमदनगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. नगरच्या तिच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि त्यावरून आपल्याला पुण्यात मुलींची शाळा काढावीशी वाटली, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. १८४८ मध्ये पुण्याला ती शाळा निघाली आणि सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या. त्यानंतरची गोष्ट तुम्हाआम्हाला पाठ आहे.

आता विल्सनांकडे वळू. मार्गारेट बेन ही स्कॉटलंडमधल्या एका धर्मोपदेशकाची मुलगी, चांगली शिकलेली. ऑगस्ट १८२८ मध्ये जॉन विल्सनशी तिचं लग्न झालं आणि त्याच महिन्यात ती दोघं जहाजात चढली. फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईला उतरल्यावर पहिलं काम काय केलं? शाळा नाही, प्रवचन नाही. दोघं कोकणात बाणकोट-हर्णैच्या बाजूला जाऊन राहिली आणि मराठी शिकली. सासरची भाषा आधी शिकून घ्यावी, तसंच हे!

मुंबईला परतल्यावर मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. गिरगावातलं आंब्रोळीचं मिशन हाऊस हे त्यांचं घर. नवरा गावोगाव दौऱ्यावर असला की मिशनचा सगळा कारभार त्यांच्याच अंगावर असे. शिवाय नवऱ्याच्या मासिकात त्या लिहीत आणि स्वतःची मुलंही वाढवीत. सहा वर्षं हे चाललं. १९ एप्रिल १८३५ रोजी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्या मुंबईतच वारल्या. त्यांचा मुलगा अँड्र्यू तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचा होता. दोन वर्षांनी त्यांच्या दोन बहिणी, अ‍ॅना आणि हे बेन, स्कॉटलंडहून इथे आल्या त्या बहिणीच्या शाळा पुढे चालवायला. गावदेवीची सेंट कोलंबा ही मुलींची शाळा आपली सुरुवात मार्गारेट विल्सन यांच्याच शाळेपासून मानते.

दोन्हीकडच्या आया

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. ही माणसं शाळा काढत होती ती नुसती विद्येसाठी नव्हे. लोकांनी ख्रिस्ती व्हावं, हा त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. म्हणून आपल्या लोकांची भीतीही खोटी नव्हती. १८३९ मध्ये विल्सनांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सारी मुंबई हादरली. प्रकरण कोर्टात गेलं आणि आईबापांनी शाळेतून मुलं भराभर काढून घेतली.

१८४३ मध्ये तर याहून जीवघेणं घडलं. नारायण शेषाद्री या तरुणाने धर्म बदलला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, बाराएक वर्षांचं पोर, तोही मिशनच्या घरी जाऊन राहिला. वडील सुप्रीम कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या हवाली केला. पण मुलगा घरी आला तरी जातीत कसा यायचा? मिशनरींच्या घरचं अन्न त्याच्या पोटात गेलेलं. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर खंबीरपणे उभे राहिले आणि त्यापायी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. या साऱ्या कागदपत्रांत वडिलांचं, शास्त्र्यांचं, न्यायाधीशांचं बोलणं सापडतं. एक मुलगा गेला, दुसरा आला पण घरात परका ठरला, त्या आईचं काय झालं असेल, ते आपण समजून घ्यायचं.

म्हणूनच मला वाटतं, या साऱ्या कथेत दोन आया समोरासमोर उभ्या आहेत. एकीने धर्मासाठी स्वतःची मुलं समुद्रापार धाडली किंवा इथल्या मातीत ठेवली. दुसरीने त्याच धर्मापायी आपला मुलगा गमावला. निर्णय दोघींनाही विचारून झाले असतील असं नाही. दोघींची भाषाही एक नव्हती. पण कधी आंब्रोळीच्या वाटेवर त्या एकमेकींना भेटल्या असत्या, तर त्यांना बोलायला शब्दांची फारशी गरज पडली नसती.

या धक्क्यातून एक चांगलंही निघालं. मुलींनी शिकावं, पण ते आपल्या शाळेत, असं आपल्या लोकांना वाटू लागलं. १८४९ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सभेने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. दादाभाई नौरोजी त्यांत पुढे होते. जगन्नाथ शंकरशेठ यांनी तर गिरगावातल्या आपल्या वाड्यातच मुलींच्या शाळेला जागा दिली. आज गिरगाव-दादरच्या कुठल्याही घरातली आजी सही करते, पेपर वाचते, त्याच्या मागे हे सगळे हात आहेत.

भायखळ्याचे ह्यूम

एका घराण्याची हकीकत सांगते. रॉबर्ट आणि हॅना ह्यूम हे दांपत्य १८३९ मध्ये मुंबईला आलं. रॉबर्ट 'ज्ञानोदय' पाहत. मुलं मुंबईतच जन्मली. १८५४ मध्ये प्रकृती ढासळली म्हणून रॉबर्ट मायदेशी निघाले आणि वाटेत समुद्रावरच वारले. हॅनाबाईंनी मुलांना अमेरिकेत एकटीने वाढवलं, शिकवलं.

आता सांगा, ज्या देशाच्या पाण्याने नवरा नेला, त्या देशाचं नाव तरी आपण मुलांपुढे काढलं असतं का? पण तिचे दोन्ही मुलगे शिकून परत इथेच आले. थोरला रॉबर्ट १८७४ मध्ये नगरला गेला आणि दुष्काळात त्याने हजारोंना मदत पोचवली. धाकटा एडवर्ड १८७५ मध्ये मुंबईला आला. त्याने आणि पत्नी शार्लटने भायखळ्याला मुलामुलींची वसतिगृहासह शाळा चालवली. थोरल्याची मुलगी डॉ. रूथ ह्यूम हिने नगरला बायकामुलांसाठी दवाखाना उभा केला. मुलगा डॉ. एडवर्ड हिक्स ह्यूम याने आधी मुंबईत प्लेगच्या कामात हातभार लावला आणि मग चीनमध्ये चांगशा इथे जाऊन १९०६ मध्ये रुग्णालय सुरू केलं. धाकट्याचा मुलगा रॉबर्ट अर्नेस्ट हा १८७७ मध्ये मुंबईत जन्मला. त्याने तेरा उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १९२१ मध्ये प्रसिद्ध झालं. आजोबा आले होते आपल्याला शिकवायला; नातू आपल्याकडून शिकून गेला!

शेवटी उरलं काय?

भायखळ्याजवळच नागपाड्याला १९२७ मध्ये याच अमेरिकन मराठी मिशनने 'नागपाडा नेबरहूड हाऊस' काढलं. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे प्रमुख. गिरण्यांच्या, गोदीच्या कामगारवस्तीत वाचनालय, व्यायामशाळा, आरोग्याची मदत असं तिथलं काम असे. येणाऱ्याला धर्म विचारायचा नाही, बदला म्हणायचं नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची संस्था याच घरात सुरू झाली. तीच पुढे देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. एकशेवीस-पंचवीस वर्षांत मिशनची माणसंही बदलली होती. 'तुम्ही आमच्यासारखे व्हा' म्हणत आली, आणि 'तुम्हाला काय हवंय?' असं विचारायला शिकली.

मला वाटतं, हा बदल प्रवचनाच्या व्यासपीठावर झाला नसावा. तो सुरू झाला असेल तो घरातल्या बायकांपासून. शेजारणीचं बाळ तापलं म्हणजे आधी धर्म आठवत नाही, कपाळावर ठेवायची ओली पट्टी आठवते. मुलीला 'क' गिरवायला शिकवायचा, तर आपल्याला तो आधी यावा लागतो.

आज आपल्या दादर-परळच्या सुना न्यू जर्सीत संसार करतात, सुट्टीच्या दिवशी तिथल्या मराठी शाळेत मुलांना बाराखडी शिकवतात. कुणी तिथल्या वृद्धाश्रमात वाचून दाखवायला जातात. परक्या मुलखात गेल्यावर तिथली भाषा शिकावी, शेजार जोडावा, हाताला येईल ते काम करावं आणि समोरच्याच्या देव्हाऱ्यावरून त्याची किंमत करू नये, एवढं तरी या दोनशे वर्षांतून आपण घ्यायला हरकत नाही.

आणि हो, पुढच्या वेळी मुलांना घेऊन चौपाटीला गेलात तर विल्सन कॉलेजकडे बोट दाखवाल ना? डॉक्टरसाहेबांची गोष्ट सांगाच. पण त्याबरोबर हेही सांगा, की त्यांच्या घरात मार्गारेट नावाची बाई होती. ती आधी मराठी शिकली आणि मग तिने आपल्या मुलींच्या हातात पाटी दिली. शेवटी ती याच मुंबईत विसावली.