रसद कुठून येत होती?

अपशिंगे या गावाला साताऱ्यात ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जण मारले गेले. अशा जिल्ह्यात युद्धावरच्या कादंबऱ्या वाचून त्यांवर भांडणारा एक गट आहे, जाऊन या, असं संपादक म्हणाले. गटाचा इतिहास दोन वाक्यांचा: निवृत्त शिक्षकांनी तो सुरू केला आणि वाचनालयाने मागची खोली दिली. खरं पाहण्यासारखं काही असेल तर ते तिथले एक माजी हवालदार.

ते आर्मी सर्व्हिस कोअरमधले, म्हणजे सैन्याला शिधा आणि इंधन पोचवणाऱ्या खात्यातले. कादंबरी कोणतीही असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘रसद कुठून येत होती?’’

मला आधी हसू आलं. मग विषय विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’वर गेला. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले ते चुकलं की नाही, यावर बाकीचे आवाज चढवत होते. हवालदारांनी बोट ठेवलं गोविंदपंत बुंदेल्यांवर. डिसेंबर 1760 मध्ये पंत मारले गेले आणि मराठ्यांना रसद पोचवणारा माणूसच गेला. छावणीत लढवय्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे; खाणारी तोंडं तेवढीच. ‘‘सर, लढाई आधीच हरली होती. 14 जानेवारीला नुसती सही झाली.’’

रेमार्कच्या ‘ऑल क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट’चंही तेच. सुरुवातीलाच दीडशे जणांचं जेवण शिजलंय, आघाडीवरून परतलेत ऐंशी, आणि स्वयंपाकी सगळं वाढायला तयार नाही. ‘‘या लेखकाने लंगर पाहिलाय,’’ हवालदार म्हणाले. रेमार्क जर्मन सैन्यात होता, 1917 मध्ये जखमी झाला होता. हे हवालदारांना नंतर कळलं.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’पाशी मात्र त्यांचं माप अडतं. 1939 ची ही कादंबरी बोटीवर घडते. जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांतलीच हेर्टा, आणि चक्रधर. ‘‘वेळेवर जेवण मिळतंय, मग युद्ध कसलं?’’ एका शिक्षिकेने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. ते बधले नाहीत. माझं मत बाईंच्या बाजूने: हेर्टाला मागे देशच उरलेला नाही, तिचं युद्ध शिध्याच्या वहीत कसं सापडेल?

गट टिकेल का, याची मला शंका आहे. वाचनालयात एकेका पुस्तकाची एकच प्रत. ‘पानिपत’सारखा ठोकळा हातोहात फिरेपर्यंत बैठक येऊन ठेपते. बहुतेकांनी साठी ओलांडलीय. पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या पोरांना बोलावलं, तर एकाने विचारलं, याचे परीक्षेला मार्क आहेत का?

आणि हवालदारांना हवी ती कादंबरी गटाला अजून मिळालेली नाही. मुल्कराज आनंदांची ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ आहे, पण ती पंजाबी शिपायाबरोबर फ्रान्सच्या आघाडीवर जाते. त्यांना हवंय मेसोपोटेमियातलं कुत. तिथे पुणे डिव्हिजन डिसेंबर 1915 पासून वेढ्यात अडकली, मराठा पलटणींसकट, आणि 29 एप्रिल 1916 ला उपासमारीने शरण गेली. ही गोष्ट लिहायला लेखकाला कच्चा माल लागेल, आणि तो इथल्याच घरांत असू शकतो. पदकं शोकेसमध्ये राहतात, कागद रद्दीवाल्याकडे जातात. पणजोबांची पत्रं किंवा पगाराचं पुस्तक तुमच्या माळ्यावर असेल, तर ते विकण्याआधी जवळच्या वाचनालयात नेऊन दाखवा.