वनौषधि आणि संगणकाची आणेवारी

रुग्णालयांत जडणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टरसारख्या जंतूंवर प्रचलित औषधें निष्प्रभ होऊं लागल्यानें शोधकांची दृष्टि वनस्पतींकडे वळली आहे. चेन्नईच्या गणितविज्ञान संस्थेनें २०१८ सालीं १,७४२ भारतीय औषधी वनस्पति व त्यांतील ९,५९६ द्रव्यें यांची सूची प्रसिद्ध केली. अशा सूचींतील द्रव्य जंतूच्या प्रथिनाच्या खांचेंत, कुलपांत किल्ली बसावी तसें बसेल काय, हें संगणक गणितानें ताडून पाहतो. महसुली भाषेंत ही नजरअंदाज आणेवारी होय. पीककापणी प्रयोगशाळेंत व्हावयाची असते. हळदींतील कर्क्युमिन संगणकावर पुष्कळदां उत्तम ठरतें. पण पोटांतून रक्तांत अत्यल्पच उतरतें. सबब केवळ अशा वार्तेवर विसंबून कोणीं बागाईत मोडूं नये. औषधी लागवडीपूर्वीं खरेदीदाराचा लेखी करार हातीं असावा.