गाडीच्या सीटखालचे रूळ

मोटारीतली चालकाची सीट पोलादी रुळांच्या दोन जोड्यांवर उभी असते. प्रत्येक जोडीतला खालचा रूळ गाडीच्या तळाला बोल्टने आवळलेला असतो आणि वरचा सीटच्या सांगाड्याला जोडलेला असतो. या यंत्रणेकडून दोन उलट्या अपेक्षा असतात. रोज ती हलक्या हाताने सरकली पाहिजे. धडकेच्या वेळी, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, तिने जागा सोडता कामा नये.

सरकण्याची गरज माणसांच्या उंचीतून येते. गाडीचे रचनाकार साधारणपणे दोन टोके धरून चालतात. शंभर स्त्रिया उंचीच्या क्रमाने उभ्या केल्या तर पाचवी येईल ती ठेंगणी स्त्री हे एक टोक, आणि शंभर पुरुषांतला पंचाण्णवावा उंच पुरुष हे दुसरे. दोघांचेही पाय पेडलपर्यंत नीट पोहोचावेत यासाठी सीटला वीस ते पंचवीस सेंटिमीटर वाव द्यावा लागतो. बहुतेक गाड्यांत हे रूळ पुढच्या बाजूला किंचित चढते बसवतात. त्यामुळे ठेंगणा चालक सीट पुढे घेतो तेव्हा थोडा वरही उचलला जातो आणि त्याला काचेबाहेरचा रस्ता नीट दिसतो.

रूळ बनतो तो साधारण दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या, उच्च ताकदीच्या पोलादी पत्र्यापासून. पत्रा दुमडून दोन्ही रुळांच्या कडांना आकड्यासारखी वळणे देतात आणि ती एकमेकांत अडकवतात. रोजच्या वापरात या आकड्यांवर फारसा भार नसतो. त्यांची कसोटी धडकेत लागते. अनेक गाड्यांत सीटबेल्टचे बक्कल सीटलाच जोडलेले असते. माणूस पुढे फेकला गेला की बेल्ट वरच्या रुळाला पुढे आणि वर खेचतो. आकडे उघडले तर सीट रुळातून सोलल्यासारखी निघून येईल.

सरकणे सोपे होते ते दोन रुळांमधल्या पोलादी छर्‍यांमुळे. छर्रे थोडे लहान पडले तर सीट खडखडते, थोडे मोठे झाले तर ती जड होते. दुमडलेल्या पत्र्याचे माप प्रत्येक नगात केसभर बदलतेच, म्हणून काही कारखान्यांत जोडीतली फट मोजून तिला जुळणारे छर्रे निवडतात. निवडीतला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांचा असतो.

सीट अडवण्याचे काम खटक्याकडे असते. दांडी उचलली की दाते खाचांतून सुटतात, सोडली की स्प्रिंग त्यांना परत खाचांत ढकलते. खाचा साधारण एक सेंटिमीटर अंतरावर असतील, तर दोन खाचांच्या मधोमध सोडलेली सीट अडकत नाही. काही रचनांत यावर व्हर्नियरच्या तत्त्वाचा उपाय करतात. पिअर व्हर्निए यांनी १६३१ मध्ये मांडलेले हे तत्त्व शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कॅलिपरमुळे आपल्या ओळखीचे आहे. अशा खटक्यात दात्यांच्या जागी खिळ्यांची रांग असते. खिळ्यांमधले अंतर खाचांमधल्या अंतरापेक्षा थोडे वेगळे ठेवतात आणि प्रत्येक खिळ्याला स्वतंत्र स्प्रिंग देतात. मग सीट कुठेही थांबली तरी काही खिळे खाचेसमोर आलेलेच असतात.

विजेवर सरकणाऱ्या सीटमध्ये खटक्याऐवजी लांब स्क्रू आणि नट असतात. स्क्रूचे आटे इतके कमी चढाचे ठेवतात की मोटर स्क्रू फिरवून सीट हलवू शकते, पण सीट ढकलून स्क्रू फिरवता येत नाही. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅममध्ये तर चालकाची जागा लक्षात ठेवणारी विजेची सीट होती.

या सगळ्याची परीक्षा कडक असते. अमेरिकी नियमानुसार सीटला स्वतःच्या वजनाच्या वीस पट जोर सोसावा लागतो. वीस किलोच्या सीटसाठी तो चारशे किलो झाला. बेल्ट सीटला जोडलेला असेल तर त्याच वेळी कमरेच्या आणि खांद्याच्या पट्ट्यांवर प्रत्येकी १३,३४५ न्यूटन, म्हणजे सुमारे १,३६० किलोचा ओढा दिला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या १७ क्रमांकाच्या नियमात वीस जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीस पट, इतका धक्का ३० मिलिसेकंद दिला जातो. त्यात रूळ वाकला तरी चालतो, पण खटका सुटलेला चालत नाही. चाचणीनंतर पुढेमागे करण्याची नेहमीची सोय बंद पडली तरी हरकत नसते. मात्र मागच्या प्रवाशांना वाट देण्यासाठी जी सीट सरकते, ती निदान एकदा तरी उघडलीच पाहिजे, कारण त्यांना बाहेर पडायचे असते.

धडकेची ताकद पुरेशी नसते, रोजची झीजही सोसावी लागते. एप्रिल २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातून सुमारे ६४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. अनेक कारणांपैकी एक होते सीटच्या रुळातली छोटी स्प्रिंग. सीट वारंवार सरकवल्याने ती तुटू शकत होती, आणि तुटल्यास धडकेत सीट जागा सोडण्याचा धोका होता. म्हणूनच नवी रचना धडकेच्या चाचणीबरोबरच हजारो वेळा मागेपुढे करूनही तपासतात.

वापरणाऱ्याकडे दोन कामे उरतात. रुळात पडलेली नाणी, पिना, शेंगांची टरफले काढून टाकणे हे पहिले. दुसरे, सीट लावायची ती गाडी उभी असतानाच, आणि लावल्यावर ती पुढेमागे रेटून पाहायची. एका बाजूचा खटका बसून दुसऱ्या बाजूचा अधांतरी राहिला असेल, तर तो बहुधा या रेट्यानेच खाचेत बसतो.