बरगड्यांनी घडवलेली गिटार

इलेक्ट्रिक गिटारला आवाजासाठी बॉडीची जवळजवळ गरजच नसते. साध्या गिटारमध्ये लाकडाची पोकळ पेटी हवा हलवते आणि सूर मोठा करते. इलेक्ट्रिकमध्ये तार थरथरली की पिकअपमधलं चुंबक आणि त्याभोवतीचं तांब्याच्या तारेचं वेटोळं त्या थरथरीचं विजेच्या लहरीत रूपांतर करतं. पुढचं सगळं अ‍ॅम्प्लिफायरकडे. अमेरिकन वादक लेस पॉल यांनी १९४०च्या सुमारास हे करूनच दाखवलं. चार इंची चौकोनी पाइनचा एक भरीव ठोकळा घेतला, त्याला नेक, पिकअप आणि तारा जोडल्या. वाजली, आणि छान वाजली. पण लोकांना ती गिटार वाटेना. म्हणून त्यांनी एपिफोन कंपनीची एक गिटार मधोमध कापून तिचे दोन भाग ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना बसवले. आवाजाला त्यांचा काही उपयोग नव्हता, पण गिटार आता गिटार दिसू लागली.

म्हणजे बॉडीचा आकार ठरवण्याच्या कामातून आवाजाने जवळपास अंग काढून घेतलं होतं. ती जागा घेतली माणसाच्या शरीराने. दुकानात भिंतीवर टांगलेल्या गिटारींकडे या नजरेने पाहिलं की थक्क व्हायला होतं. प्रत्येक वळण कुणाच्या तरी मांडीचं, कोपराचं, बरगडीचं उत्तर आहे.

सुरुवात मात्र शरीराचा फारसा विचार न करताच झाली. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचे लिओ फेंडर हे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५०–५१ मध्ये त्यांनी बाजारात आणलेली गिटार, जी पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली, ती म्हणजे साधारण पावणेदोन इंच जाडीची सपाट फळी. कापायला सोपी, दुरुस्तीला सोपी. आजही ती लाखो लोकांची लाडकी आहे आणि मलाही तिचा साधेपणा फार आवडतो. पण ती फळी पोटाशी धरून रात्रभर नाचगाण्याच्या हॉलमध्ये वाजवणाऱ्यांच्या बरगड्यांत तिची मागची कड रुतायची आणि पुढची कड उजव्या हाताला काचायची. रेक्स गॅलियन, बिल कार्सन अशा वादकांनी ही तक्रार थेट फेंडर यांच्याकडेच नेली.

या तक्रारीतून १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर आली. तिचा आकार कागदावर उतरवण्यात फ्रेडी टावारेस यांचा मोठा हात होता. हवाई बेटांवर जन्मलेले हे वादक स्वतः स्टील गिटार उत्तम वाजवत. स्ट्रॅट हातात घ्या आणि उलटी करा. मागच्या बाजूला वरच्या कडेचं लाकूड एका उतरत्या वळणात तासून काढलेलं दिसेल. बोट फिरवलं तर कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते कळतही नाही. तिथे तुमच्या बरगड्या येतात. आता सरळ करा. समोरच्या बाजूला, उजवा हात जिथे कडेवरून वळून तारांवर येतो, नेमका तिथे दुसरा उतार आहे. सत्तर वर्षांहून जास्त काळ जगभरच्या कारखान्यांत हे दोन उतार पुन्हा पुन्हा कोरले जात आहेत.

स्ट्रॅटची दोन शिंगंही शोभेची नाहीत. खालच्या शिंगाच्या आतली खाच डाव्या हाताला शेवटच्या फ्रेटपर्यंत, म्हणजे नेकवरच्या शेवटच्या आडव्या पट्टीपर्यंत, वाट देते. वरचं शिंग लांब आहे, कारण पट्टा अडकवायचं बटण त्याच्या टोकावर असतं आणि ते टोक साधारण बाराव्या फ्रेटपर्यंत पोचतं. गिटार पट्ट्याच्या दोन बटणांवर लटकते. तिचा गुरुत्वमध्य त्या दोन टोकांच्या मधोमध पडला की ती स्थिर राहते; पुढच्या बटणाच्या फार जवळ सरकला की नेक जमिनीकडे झुकतो. मग डावा हात सूर दाबता दाबता नेक उचलूनही धरतो. अंगठा दुखतो, मनगट आखडतं, आणि नवशिक्याला वाटतं की आपलाच रियाज कमी पडतोय.

गिब्सन कंपनीच्या एसजी गिटारवर हा झुकाव पुष्कळांना जाणवतो. १९६१ मध्ये आलेली ही पातळ, हलकी, दोन टोकदार शिंगांची गिटार. तिचा नेक बॉडीबाहेर इतका मोकळा आहे की अगदी वरचे फ्रेटही सहज हाती येतात. त्याची किंमत अशी की सगळा नेक डावीकडे सरकतो, पहिला फ्रेट लांब वाटतो आणि पुढचं बटण मागे पडतं. खरखरीत, रुंद पट्टा लावला तर झुकाव बराच आवरतो. आणि अंगाने लहान असलेल्या अँगस यंग यांनी एसी/डीसी या रॉक बँडच्या मंचावर आयुष्यभर हीच गिटार घेऊन धावाधाव केली, हेही लक्षात ठेवावं.

लेस पॉल यांच्याच नावाने १९५२ मध्ये आलेली गिब्सन याच्या उलट टोकाला. महोगनीवर मेपलचा फुगीर थर, वजन बहुधा चार किलोंच्या पुढे. दोन तासांच्या कार्यक्रमात खांद्याला ते कळतं. पण बसून वाजवताना तोच भार तिला मांडीवर घट्ट ठेवतो. तिच्यातली मला सगळ्यात मजेची वाटणारी गोष्ट सहज दिसत नाही: वरचा पृष्ठभाग फुगीर असल्याने ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग, उंच बसवावा लागतो, म्हणून नेक किंचित मागे कललेला असतो आणि तारा लाकडापासून बऱ्याच वर राहतात. स्ट्रॅटवर त्या जवळ असतात. स्ट्रॅटवर लाकडाला करंगळी टेकवून वाजवणाऱ्याचा उजवा हात लेस पॉलवर पहिल्या दिवशी अधांतरी वाटतो.

१९५८ च्या जॅझमास्टरमध्ये फेंडरने बसून वाजवणाऱ्यांचा विचार केला. कमरेच्या दोन खाचा समोरासमोर न ठेवता एकमेकींपासून सरकवल्या, त्यामुळे बॉडी मांडीवर तिरकी आणि निवांत बसते. जॅझवाल्यांनी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. ती उचलली सर्फ संगीतातल्या पोरांनी. आणि फर्निचरची रचना करणाऱ्या नेड स्टाइनबर्गर यांनी १९८०च्या सुमारास बेस गिटारचं डोकंच काढून टाकलं! तारा पिळायच्या खुंट्या ब्रिजपाशी आणल्या, टोकाचं वजन गेलं, बॉडी एवढीशी उरली. झुकाव मुळापासूनच संपला.

म्हणून गिटार घ्यायला जाताना अ‍ॅम्प लावायच्या आधी निदान पंधरा मिनिटं नुसती घेऊन बसा. मग दुकानदाराकडे पट्टा मागा, उभे राहा आणि डावा हात सोडून द्या. नेक कुठे जातो ते पाहा. पहिल्या फ्रेटवर एका बोटाने सगळ्या तारा दाबून बॅरे कॉर्ड धरा, लगेच विसाव्या फ्रेटवर जा. घरी बसून वाजवणार असाल तर बसून जमतंय का, यालाच महत्त्व द्या. आवाज पिकअप बदलून बदलता येतो, बॉडीची कड बदलता येत नाही.

मग फ्लाइंग व्ही कुणासाठी? गिब्सनने १९५८ मध्ये आणलेला हा बाण मांडीवर ठेवला तर घसरतो. त्या वेळी घसरू नये म्हणून कडेला रबराची पट्टी लावली होती, तरी पहिल्या दोन वर्षांत शंभराच्या आतच गिटारी विकल्या गेल्या. पण ब्लूजचे धिप्पाड गायक-वादक अल्बर्ट किंग डावखुरे होते आणि उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरून, जाड तारा खाली ठेवून वाजवत. स्ट्रॅट उलटी केली की लांब शिंग खाली जातं, आखूड वर येतं, आणि दोन्ही उतार नको त्या जागी जातात. व्ही दोन्ही बाजूंनी सारखीच. ती उलटी केली तरी तोल तोच, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना वरच्या फ्रेटपर्यंत तेवढीच वाट. किंग यांनी अनेक वर्षं तीच वाजवली.