आधी उपचार कोणावर?

स्फोटानंतर दहा जखमी एकदम आले आणि शस्त्रक्रियेचे टेबल एकच असले, तर आधी कोणाला घ्यायचे? या निवडीला आम्ही ‘ट्राएज’ म्हणतो. मोठ्या अपघातानंतर जखमींच्या मनगटावर लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या बांधतात, ती हीच पद्धत. तिचा जन्म मात्र रणांगणावरचा. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद डॉमिनिक-जाँ लारे यांनी हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यावरून क्रम लावण्याचा आग्रह धरला. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराचे बारावे कलमही सांगते, की उपचारांचा क्रम फक्त वैद्यकीय निकडीवर ठरेल. मग जखमी शत्रूचा का असेना!

आता या निर्णयात संगणक उतरतो आहे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘दार्पा’ या संशोधन संस्थेने २०२२ मध्ये ‘इन द मोमेंट’ हा प्रकल्प जाहीर केला. अशा प्रसंगी अनुभवी तज्ज्ञांचेही एकमत होत नाही, त्यामुळे यंत्र ज्यावर तपासावे असे ‘बरोबर उत्तर’च नसते. म्हणून विश्वासातल्या निर्णयकर्त्यांच्या कलाशी यंत्राचा कल जुळवता येईल का, हे तिथे पाहिले जाते.

पण कल कोणाचा? सर्वांत गंभीर जखमी आधी, की जगण्याची शक्यता जास्त असलेला आधी, यावर डॉक्टर वाद घालतील. ‘लवकर मोर्चावर परतू शकेल तो आधी’ हा निकष मात्र सेनापतीला मोहात पाडणारा आणि कराराला छेद देणारा. तसा तोंडी हुकूम आला, तर डॉक्टर नकार देऊ शकतो. तोच निकष आज्ञावलीत मुरलेला असेल, तर त्याला पत्ताही लागणार नाही.

शिवाय यंत्राला मिळणारी माहिती तरी निर्दोष कुठे असते? कोविडमध्ये घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर घ्या. २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले, की कृष्णवर्णीय रुग्णांतील ऑक्सिजनची छुपी घट त्याच्या नजरेतून गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा सुटत होती.

‘शेवटचा निर्णय माणूसच घेईल’ हे आश्वासन मला पुरेसे वाटत नाही. मार्च २००३ मध्ये इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेने परतणाऱ्या ब्रिटिश टोर्नाडो विमानाला शत्रूचे क्षेपणास्त्र ठरवले. यंत्रणेवर माणसे होती, तरी मारा झाला आणि विमानातील दोघे ठार झाले. घाईत, थकव्यात माणूस पडद्यावरच्या उत्तराला मान डोलावतो. अतिदक्षता विभागातही हेच घडते.

अमेरिकी संरक्षण खात्याने फेब्रुवारी २०२० मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी पाच नैतिक तत्त्वे स्वीकारली. चुकीचे वागणारी यंत्रणा बंद करता आली पाहिजे, हे त्यांतच येते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षण दलांसाठी विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्ता पारखण्याची चौकट जाहीर झाली. तिच्यातही विश्वसनीयता, सुरक्षितता, पारदर्शकता आहेत. कागद चांगलेच आहेत. मला उत्सुकता आहे ती सरावाच्या तंबूतली: यंत्राने मागे ठेवलेल्या जवानाला तरुण लष्करी डॉक्टरने आधी टेबलावर घेतले, तर कमांडिंग ऑफिसर त्याला आधी कारण विचारतात, की खुलासा मागवतात?