मसुदा यंत्राचा, सही सचिवाची

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बोरी हे जिंतूर तालुक्यातील मोठे गाव असून, मराठवाड्यातील अशा कोणत्याही गावाप्रमाणे तेथील नागरिकाचा शासनाशी येणारा रोजचा संबंध हा मुख्यतः ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि आपले सरकार सेवा केंद्रातील संगणक परिचालक अशा मोजक्या माणसांमार्फत येतो. यांतील पहिल्या तिघांची पदनामे शासनाने अलीकडेच बदललेली असली, तरी गावाच्या बोलण्यात ते अजूनही ग्रामसेवक, तलाठी आणि कृषी सहायकच आहेत. नोटिसा, दाखले, ठराव, पंचनामे, पंचायत समितीला पाठवायचे अहवाल हे सारे लेखन यांच्या हातून होते, आणि नेमके हेच लेखन काही क्षणांत करून देणारे साधन आता त्यांच्या मोबाइलमध्ये येऊन बसले आहे. ते वापरू नये असे म्हणणे आता व्यवहार्य राहिलेले नाही. ते कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या जबाबदारीवर वापरावे, हे मात्र अजून बहुतेक कार्यालयांत कोणी ठरवलेले नाही.

या साधनाला जनरेटिव्ह एआय, म्हणजे नवा मजकूर, चित्र किंवा आवाज निर्माण करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, असे म्हणतात. अफाट प्रमाणावरील लेखन वाचायला देऊन तयार केलेली ही प्रणाली, दिलेल्या शब्दांनंतर कोणते शब्द येण्याची शक्यता अधिक आहे याचा हिशेब मांडत वाक्ये रचत जाते. तिच्याजवळ भाषेच्या घडणीचे ज्ञान असते, परंतु रचलेले वाक्य वस्तुस्थितीशी जुळते की नाही हे पडताळण्याची खात्रीशीर सोय तिच्यात नसते. म्हणूनच ती चुकते तेव्हाही तिचे वाक्य सुघड आणि ठाम असते, आणि सरकारी कागदाच्या बाबतीत हा ठामपणाच अधिक धोक्याचा ठरतो, कारण अडखळत लिहिलेल्या मजकुराकडे साहेबांचे लक्ष जाते, सफाईदार मजकुराकडे जात नाही.

ग्रामपंचायतींपुरता हा विषय आता कल्पनेतला उरलेला नाही. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी ‘सभासार’ हे साधन सुरू केले. ग्रामसभेचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण त्यात चढवले की बोलणे लिखित स्वरूपात येते आणि त्यावरून सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा तयार होतो. सरकारच्या ‘भाषिणी’ या भाषांतर व्यवस्थेवर ते उभे असून, प्रारंभी १३ भाषांत ते उपलब्ध झाले आणि त्यांत मराठीचा समावेश आहे. एकाच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे एकाहून अधिक गावांचा कारभार असण्याचे प्रमाण लक्षात घेतले, तर रात्री उशिरापर्यंत प्रोसिडिंग बुक लिहीत बसणाऱ्या माणसाला याचे मोल किती आहे हे सांगावे लागत नाही, आणि त्या सोयीला केवळ संशयाने पाहणे अन्यायाचे होईल.

तरीही ग्रामसभेचे इतिवृत्त हा साधा सारांश नव्हे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे भरणाऱ्या ग्रामसभेतील ठरावाच्या आधारे घरकुलाच्या याद्या पुढे सरकतात, विकास आराखडा मंजूर होतो आणि वित्त आयोगाचा निधी कोणत्या वस्तीतील रस्त्याला जाणार हे ठरते. अशा सभेत बोलणारी माणसे एकामागून एक, रांगेने आणि प्रमाण मराठीत बोलत नाहीत. मराठवाडी बोली, मुस्लिम घरांतील दखनी आणि जिंतूर तालुक्यातील तांड्यांवरची गोरमाटी एकमेकींत मिसळतात, दोघे एकाच वेळी बोलतात, मागे बसलेल्या बाईचा आवाज माइकपर्यंत पोहोचतही नाही. त्यात गोरमाटी ही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नसलेली भाषा असल्याने तिच्यातील बोलणे यंत्राकडून सुटण्याचा किंवा भलतेच ऐकले जाण्याचा धोका अधिक. ज्यांचा आवाज आधीच कागदावर कमी उमटतो, त्यांचाच तो यंत्राकडूनही गळावा, ही बाब तांत्रिक उणीव म्हणून सोडून देता येणार नाही. याहून सूक्ष्म अडचण अशी की जुन्या इतिवृत्तांत ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द इतक्या वेळा आलेले असतात की अशा मजकुरावर घडलेले यंत्र, सभेत विरोध झाला असतानाही, त्याच वळणावर जाण्याची शक्यता राहते.

यावरचा उपाय मात्र बाहेरून आणावा लागत नाही. सभेच्या विषयपत्रिकेवर बहुधा पहिलाच विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ असा असतो, आणि तो अनेक ठिकाणी न वाचताच कायम होतो. यंत्राने केलेला मसुदा ग्रामपंचायत अधिकाऱ्याने प्रथम स्वतःच्या टिपणाशी ताडून पाहावा, सूचक-अनुमोदकांची नावे, रकमा आणि विरोध नोंदवणारे सदस्य यांची ओळ न् ओळ तपासावी, आणि पुढील सभेत तो खरोखर मोठ्याने वाचावा. ग्रामसभेचा सचिव म्हणून त्याखाली होणारी सही ही त्याच्या वाचनाची साक्ष असते.

न वाचता सही केल्याने काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राबाहेर शोधण्याची गरज नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर विभागाचा एक करनिर्धारण आदेश रद्द केला. त्यात एका कंपनीचे उत्पन्न सुमारे २७ कोटी ९१ लाख रुपये ठरवताना ज्या निवाड्यांचा आधार दिला होता, ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात यंत्राने दिलेल्या निष्कर्षांवर आंधळेपणाने विसंबू नये, ते वापरण्यापूर्वी पडताळावेत, असे न्यायालयाने बजावले. त्या कंपनीला उच्च न्यायालयात जाण्याचे बळ होते. घरपट्टीच्या नोटिशीत चुकीच्या कलमाचा हवाला आला, तर बोरीतील शेतमजूर तो कोणत्या न्यायालयात तपासून घेणार?

दुसरा प्रश्न माहितीच्या गोपनीयतेचा आहे. अर्ज नीट लिहून मिळावा म्हणून परिचालकाने एखाद्या निराधार महिलेचे नाव, आधार क्रमांक, बँक खाते आणि आजाराचा तपशील खासगी कंपनीच्या चॅटबॉटमध्ये टाकला, की ती माहिती गावाबाहेर, बहुधा देशाबाहेरच्या संगणकांवर जाते आणि ती परत घेण्याचा मार्ग ग्रामपंचायतीच्या हाती राहत नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर आणि उपकरणांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत, अशी सूचना दिली ती याच कारणाने. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. नियम पूर्ण लागू होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नावे, क्रमांक आणि रोग वगळून केवळ अर्जाचा नमुना मागणे आजही शक्य आहे.

सर्वांत गंभीर गोष्ट मात्र लेखनाच्या पलीकडची, प्रत्यक्ष पाहणीची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने पिके आणि जमिनी वाहून गेल्या, तेव्हा मदत मिळणे न मिळणे पंचनाम्यावर अवलंबून होते. गट क्रमांक, पिकाचे नाव आणि क्षेत्र एवढेच दिले तरी जनरेटिव्ह एआय एक विश्वसनीय वाटणारा पंचनामा लिहून देऊ शकते, आणि बांधावर न जाता तो लिहिण्याचा मोह कामाच्या ओझ्याखाली कोणालाही होऊ शकतो. असा कागद सुंदर असला तरी खोटाच आहे, मग त्यातील आकडा योगायोगाने बरोबर निघो.

परभणी जिल्ह्यात हीच बाब जुन्या दप्तरालाही लागू पडते. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात असल्याने येथील बऱ्याच नोंदी उर्दूत आणि मोडीत आहेत. न्या. संदीप शिंदे समितीने २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध घेतला आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने मराठा समाजातील अर्जदारांच्या कुणबी जातप्रमाणपत्राच्या चौकशीसाठी गावपातळीवर समित्या नेमल्या, त्यांत आरंभी उल्लेखिलेले तिन्ही अधिकारी आहेत. मोडी अक्षर पुसट झाले असेल, तर जाणकार वाचक ‘अवाचनीय’ असा शेरा मारतो. यंत्र बहुधा तेथे शोभेल असे एखादे नाव भरून मोकळे होते. अशा एका नावावर कुणाचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून असते, म्हणून यंत्राचे वाचन हे कोणता कागद आधी पाहावा हे सुचवण्यापुरतेच ठेवून, निर्णय मोडी-उर्दूच्या जाणकाराच्या प्रमाणित लिप्यंतरावरच व्हायला हवा.

याउलट, आठ पानी शासन निर्णयाचा सोप्या मराठीत गोषवारा काढणे, दवंडीचा मजकूर तयार करणे, ग्रामसभेच्या सूचनेचे उर्दू भाषांतर जाणत्याकडून तपासून फलकावर लावणे, या कामांत हे साधन मुक्तपणे वापरावे, कारण तेथे चूक झाली तर ती लगेच दिसते आणि दुरुस्तही होते. जेथे ठराव, रक्कम किंवा हक्क गुंतलेला आहे, तेथे कागदावर ‘मसुदा संगणकीय साधनाद्वारे, तपासणी अमुक अधिकाऱ्याकडून’ अशी नोंद असावी आणि ग्रामसभेचे मूळ ध्वनिमुद्रण निदान इतिवृत्त कायम होईपर्यंत जपून ठेवावे, म्हणजे माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये एखाद्या ग्रामस्थाने ते मागितले, तर लिहिलेले आणि बोललेले शेजारी ठेवून पाहता येईल.